खाते क्रमांक द्यावा की देऊ नये? ऑनलाइन लिलावात वस्तू विकणाऱ्यांसाठी

माझ्या ताईने तिचा जुना कॅमेरा लिलावाच्या एका साइटवर विकायला ठेवला होता. आठवडाभर बोली रांगत होती. शेवटच्या दहा मिनिटांत दोघांची चढाओढ लागली आणि लिलाव संपल्या संपल्या जिंकणाऱ्याचा निरोप आला : "पैसे थेट बँकेत भरतो. खात्याची माहिती पाठवा." ताईने चेकबुक उघडलं, वरच्या चेकचा फोटो काढला, आणि तो पाठवण्याआधी मला फोन केला. "नंबर दिला तर खातं रिकामं नाही ना करणार रे कोणी?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्यांत दोन तट दिसतात. काही जण खाते क्रमांक सांगायलाही घाबरतात, आणि ठरलेली विक्री हातची घालवतात. काही जण चेकचा, पासबुकाचा, अगदी कार्डाचाही फोटो बिनदिक्कत पाठवून देतात. यातली कुठली माहिती नुसता पत्ता आहे आणि कुठली किल्ली, हे दोघांनाही कोणी नीट सांगितलेलं नसतं. ताईला मी म्हटलं, "नंबर दे, फोटो पाठवू नकोस." असं का, ते जरा सविस्तर सांगतो.

पत्रपेटीची फट

दारावरच्या पत्रपेटीला वरून एक फट असते. त्या फटीतून कोणीही पत्र टाकू शकतं. आतलं पत्र काढायचं तर पेटीचं दार उघडावं लागतं, आणि त्याची किल्ली घरमालकाकडे असते. खाते क्रमांक म्हणजे ही पेटी कोणाची, एवढं सांगणारी वरची पाटी.

ही पाटी लिहायची रीत देशोदेशी वेगळी. ब्रिटनमध्ये सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांक. अमेरिकेत खाते क्रमांकाच्या जोडीला नऊ आकडी राउटिंग नंबर. भारतात ११ अक्षरांचा आयएफएससी, त्यातली पहिली चार बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. युरोपात आणि बाहेरच्याही बऱ्याच देशांत आयबॅन चालतो : आधी देशाची दोन अक्षरं, मग पडताळणीचे दोन आकडे, मग बँक आणि खातं, सगळं मिळून जास्तीत जास्त ३४ अक्षरं. ते पडताळणीचे दोन आकडे मला फार आवडतात. पूर्ण आयबॅनवर ठरावीक गणित करून ९७ ने भागलं की बाकी १ उरली पाहिजे, अशा बेताने ते काढलेले असतात. पैसे भरणाऱ्याने मधला एखादा आकडा चुकवला की गणित जुळत नाही, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

पैसे स्वीकारायला एवढंच लागतं : खात्यावरचं नाव, बँकेचा किंवा शाखेचा कोड आणि खाते क्रमांक. पासवर्ड, पिन, फोनवर येणारा ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन आकडे या सगळ्या किल्ल्या आहेत. पैसे आत येताना किल्लीचं काही कामच नसतं. भारतातल्या यूपीआयचं उदाहरण घ्या. तिथे पिन टाकायचा तो पैसे देताना, घेताना नाही. "पैसे पाठवलेत, फक्त पिन टाकून स्वीकारा" असं कोणी म्हणालं, तर तो तुमच्याच खात्यातून पैसे काढायला निघाला आहे हे धरून चाला.

मग एवढी भीती कशाची?

कारण काही पेट्यांना मागचं दार असतं.

२००७ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या करखात्याकडून सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन डिस्क गहाळ झाल्याचं उघड झालं. त्या माहितीत बँक खात्यांचे तपशीलही होते. देशभर गहजब झाला. टीव्हीवरचे प्रसिद्ध निवेदक जेरेमी क्लार्कसन यांना मात्र हा सगळा कांगावा वाटला. 'द सन' या वृत्तपत्रातल्या सदरात त्यांनी स्वतःच्या खात्याचे तपशील छापून टाकले. त्यांचं म्हणणं असं, की यातून कोणी माझ्या खात्यात पैसे घालू शकेल, काढू कोणीच शकणार नाही. पुढे बँकेचं स्टेटमेंट उघडून बघतात तर ५०० पौंड मधुमेहींसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या नावे गेलेले. कोणीतरी त्यांच्या नावाने डायरेक्ट डेबिट लावून दिलं होतं. २००८ च्या जानेवारीत त्यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली.

डायरेक्ट डेबिट म्हणजे, खातेदाराने एकदा परवानगी दिली की समोरची संस्था दर वेळी स्वतःच खात्यातून पैसे ओढून घेते. विजेचं बिल, विम्याचा हप्ता असाच जातो. बँकिंगमधले व्यवहार या अर्थाने दोन जातींचे आहेत : देणारा स्वतः पाठवतो ते, आणि घेणारा ओढून घेतो ते. पाठवण्याच्या व्यवहारात घेणाऱ्याचा नंबर नुसता पत्ता असतो. ओढण्याच्या व्यवहारात मात्र तोच नंबर परवानगीच्या अर्जातला मुख्य रकाना होतो, आणि अर्जदार खरंच खातेदार आहे का हे नीट तपासलं नाही, तर क्लार्कसन यांच्यासारखी गत होते.

म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. पण तिचं वजन किती धरायचं, तेही बघू. डायरेक्ट डेबिटचे पैसे जातात ते नोंदणी झालेल्या संस्थेकडे, कुणा भामट्याच्या खिशात सहजासहजी नाही. शिवाय परत मिळवण्याची तरतूद भक्कम असते. युरोपातल्या बँकांच्या सेपा या सामायिक पद्धतीत ग्राहकांच्या नेहमीच्या डेबिटमध्ये आठ आठवड्यांच्या आत कारण न देता पैसे परत मागता येतात, आणि परवानगीच दिलेली नसेल तर ही मुदत १३ महिन्यांची आहे. ब्रिटनमध्येही चुकीच्या डेबिटची पूर्ण भरपाई बँकेने करायची, अशी हमी असते. अट एकच : पैसे गेल्याचं तुमच्या लक्षात यायला हवं. महिनोन् महिने स्टेटमेंट न उघडणाऱ्याला कुठलीच मुदत पुरत नाही.

चेकचा फोटो का नको

चेकवर नाव असतं, खाते क्रमांक असतो, बँकेचा कोड असतो, चेकचा अनुक्रमांक असतो, आणि भरलेला चेक असेल तर सहीही असते. बनावट चेक छापणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवून देणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक बक्षीस म्हणून पाठवत. लोक तो वटवत नसत, मिरवत असत. फ्रेम करून लावत, पुढे पुढे त्याचे फोटो इंटरनेटवर टाकू लागले. तिथेच घात झाला. खात्यांचे तपशील नको त्या हातांत पडले आणि २००८ साली क्नुथ यांना खरे चेक पाठवणं थांबवावं लागलं. तेव्हापासून ते एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र पाठवतात. चेक पाठवणारा आणि फोटो टाकणारे, सगळे सज्जन होते. फोटो एकदा बाहेर पडला की तो कोणाकोणाच्या हाती लागतो यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

म्हणून माहिती द्यायची ती टाइप करून. ताईने शेवटी चार ओळी पाठवल्या : नाव, बँकेचा कोड, खाते क्रमांक, आणि पैसे भरताना शेऱ्यात घालायचा लिलावाचा क्रमांक. जन्मतारीख नाही, ओळखपत्र नाही, पासबुकाचं पहिलं पान नाही. खरेदीदाराने ओळखपत्र मागितलं तर नाही म्हणावं. त्याच्याकडून पैसे यायचे आहेत, तुम्ही त्याच्याकडून कर्ज काढत नाही.

हे तपशील वस्तूच्या जाहिरातीत घालू नयेत, कारण तिथे ते साऱ्या जगाला दिसतात. बोली संपल्यावर, जिंकणाऱ्याला, साइटच्याच निरोपपेटीतून द्यावेत. साधी ईमेल का नको? ईमेलमध्ये कोणी शिरकाव केला तर मधल्या मध्ये तुमचा नंबर बदलून स्वतःचा घालू शकतो. पैसे निघतात, पण पोचतात भलतीकडे, आणि खरेदीदार-विक्रेता एकमेकांवर संशय घेत बसतात. मी तर त्या चार ओळींखाली आणखी एक लिहितो : "खातं बदललं असा माझ्या नावाने निरोप आला तर मानू नका." ब्रिटनमध्ये २०२० पासून मोठ्या बँका आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून बँका, पैसे पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळतं का ते दाखवतात. त्यामुळे असा फेरफार पकडणं सोपं झालं आहे. तुम्हीही नाव खात्यावर आहे तसंच द्या, घरचं किंवा टोपणनाव देऊ नका.

साइटच पैसे गोळा करत असेल तर?

तर खरेदीदाराला तुमचा नंबर लागण्याचं कारणच नाही.

१९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी 'ऑक्शनवेब' सुरू केलं, त्याचंच पुढे ईबे झालं. त्या काळी जिंकणारा चेक किंवा मनीऑर्डर टपालाने पाठवायचा, आणि चेक वटल्यावर विक्रेता पार्सल बांधायला घ्यायचा. २००२ साली ईबेने पेपाल विकत घेतलं, २०१५ साली दोन कंपन्या पुन्हा वेगळ्या झाल्या. त्यानंतर ईबे खरेदीदाराकडून स्वतः पैसे घेऊन विक्रेत्याच्या बँकेत जमा करू लागलं. अशा साइटवर खाते क्रमांक एकदाच, साइटच्या सेटिंगमध्ये भरायचा असतो. न्यूझीलंडच्या ट्रेड मीसारख्या साइटवर मात्र थेट विक्रेत्याच्या बँकेत पैसे भरण्याची रीत जुनी आहे, तिथे नंबर मागणं यात वावगं काही नाही.

तेव्हा आपली साइट यातली कुठली, हे विक्रीआधी बघून ठेवा. साइट पैसे गोळा करत असताना खरेदीदार म्हणाला, "बाहेरच उरकू, दोघांचं कमिशन वाचेल", तर वाचणारी रक्कम लहान आणि गमावण्याची शक्यता असलेली मोठी असते. बाहेर झालेल्या व्यवहारात काही बिनसलं तर साइट हात झटकते, आणि नियमानुसार तिचं बरोबरच असतं.

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे खोटा मध्यस्थ. एस्क्रो म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून पैसे सांभाळणारा : माल पोचेपर्यंत रक्कम त्याच्याकडे, पोचल्यावर विक्रेत्याकडे. सोय उत्तम आहे, म्हणूनच तिची नक्कल होते. खरेदीदार एक लिंक पाठवतो, उघडलं की हुबेहूब लिलावाच्या किंवा कुरियरच्या साइटसारखं पान येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं : "तुमचे पैसे जमा आहेत. ते मिळवण्यासाठी कार्डाचा नंबर भरा." इथे त्या पत्रपेटीची आठवण ठेवा. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे पैसे ओढण्यासाठी असतात. विक्रेत्याकडे ते मागणाऱ्या पानावर एक अक्षरही भरू नका.

पैसे दिसणं आणि पैसे मिळणं

नंबर देताना लोक घाबरतात आणि दिल्यावर निर्धास्त होतात. माझ्या मते हे नेमकं उलट हवं. विक्रेत्यांचं नुकसान बहुतेक वेळा नंबर दिल्यानंतरच्या पायरीवर होतं.

सगळ्यात साधी फसवणूक म्हणजे पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, किंवा बँकेच्या नावाने आलेला ईमेल : "रक्कम जमा झाली आहे, पार्सलची पावती पाठवल्यावर खात्यात दिसेल." अशी कुठलीच बँक नाही, जी पार्सलच्या पावतीसाठी पैसे अडवून ठेवते. स्क्रीनशॉट, ईमेल, एसएमएस यातलं काहीही पुरावा धरू नका. स्वतः बँकेचं ॲप उघडायचं आणि शिल्लक बघायची.

शिल्लक वाढलेली दिसली म्हणजे झालं का? थेट हस्तांतरण असेल तर बहुधा हो. चेक असेल तर मुळीच नाही. अमेरिकेत चेकचे पैसे ठरावीक दिवसांत खातेदाराला वापरायला द्यावेत असा नियम आहे. पण चेक बनावट निघाल्याचं कळायला कधी कधी कित्येक आठवडे जातात. या मधल्या काळावरच जास्तीच्या रकमेची फसवणूक उभी आहे. खरेदीदार ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवतो आणि मागोमाग अजिजी करतो : "चुकून जास्त लिहिलं गेलं, वरचे पैसे कुरियरवाल्याला पाठवा ना." शिल्लक तर दिसते आहे, मग विक्रेता भल्या मनाने फरक पाठवतो. पुढे चेक परत येतो, बँक पूर्ण रक्कम वजा करते, आणि पाठवलेला फरक विक्रेत्याच्या पदरचा जातो. वस्तूही गेलेली असते.

तिसऱ्याच माणसाचे पैसे

हा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण यात पैसे खरे असतात.

समजा, तुम्ही फोन विकताय. भामटा तुमची बोली जिंकतो आणि खाते क्रमांक मागून घेतो. त्याच वेळी दुसऱ्या एका साइटवर त्याने त्याच किमतीला एक लॅपटॉप विकायला ठेवलेला असतो, जो मुळात अस्तित्वातच नाही. तिथल्या ग्राहकाला तो खातं म्हणून तुमचा नंबर देतो. त्या बिचाऱ्याचे खरे पैसे तुमच्या खात्यात येतात, रक्कम पैशापैशाने जुळते, तुम्ही समाधानाने फोन पाठवून देता. चार दिवसांनी लॅपटॉप न मिळालेला माणूस पोलिसांत जातो, आणि त्याच्या कागदपत्रांत आरोपीच्या खात्यावर नाव असतं तुमचं. खातं गोठतं, पैसे परत द्यावे लागतात, फोन भामट्याकडे.

बचाव साधाच आहे, पण रक्कम बघायच्या घाईत आपण तो विसरतो : पैसे कोणाच्या नावाने आले ते वाचायचं. जिंकणाऱ्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एकच आहे का? आणि शेऱ्यात लिलावाचा क्रमांक आहे का? तो क्रमांक मी ताईला लिहायला सांगितला तो याचसाठी. खोट्या लॅपटॉपसाठी पैसे भरणारा सहसा लॅपटॉपबद्दलच काहीतरी लिहितो.

ताईच्या कॅमेऱ्याचे पैसे आले, तेव्हा नाव वेगळंच निघालं. तिने निरोप पाठवून विचारलं, तर "बायकोच्या खात्यातून भरले" असं उत्तर आलं. खरंही असेल. पण ते तपासायचं कसं? ताईने बँकेत जाऊन रक्कम आलेल्या खात्यातच परत पाठवली आणि खरेदीदाराला स्वतःच्या नावाच्या खात्यातून भरायची विनंती केली. तो थोडा वैतागला, दोन दिवसांनी भरले. माणूस खराच होता. तीन दिवस उशीर झाला आणि कॅमेरा गेला, एवढंच.

परत पाठवायचे तर आलेल्या वाटेनेच, ही गोष्ट अगदी घट्ट धरून ठेवा. "चुकून आले, आता या दुसऱ्या नंबरवर पाठवा" असं कोणी म्हणालं आणि तुम्ही ऐकलंत, तर चोरीचे पैसे पुढे सरकवणारी कडी तुम्ही होता. अशा वेळी स्वतः काही न करता बँकेला कळवावं.

"पण साइटवर त्याच्याबद्दलचे अभिप्राय तर उत्तम आहेत"

असतील. पासवर्ड चोरून दुसऱ्याचं साइटवरचं जुनं, शेकडो चांगल्या अभिप्रायांचं खातं वापरणं ही भामट्यांची जुनीच चाल आहे. वर्षानुवर्षं पुस्तकं घेणारा माणूस अचानक महागडे फोन घेऊ लागला आणि पार्सल भलत्याच पत्त्यावर मागवू लागला, तर अभिप्राय बाजूला ठेवा.

"एवढी काळजी दर विक्रीला कोण घेणार?"

तक्रार रास्त आहे. वारंवार विकणाऱ्याने त्यासाठी एक वेगळं खातं काढावं. त्याला चेकबुक नको, उसनवारीची (ओव्हरड्राफ्टची) मर्यादा नको, डायरेक्ट डेबिट बंद ठेवता येत असेल तर बंद. विक्रीचे पैसे आले, नाव तपासलं, की मुख्य खात्यात वळवून घ्यायचे. पत्रपेटी रोज रिकामी होत असेल तर मागचं दार कोणी उघडलंच तरी हाती काय लागणार? स्टेटमेंटही दोन मिनिटांत वाचून होतं, कारण त्यात पगार, किराणा, बिलं यांची गर्दीच नसते. वर्षातून एकदाच जुनं कपाट विकणाऱ्याला याची गरज नाही. त्याने प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस चालू ठेवला तरी पुरे.

नको ते देऊन बसलात तर

फक्त नाव, कोड आणि खाते क्रमांक दिला असेल तर खातं बंद करायला धावू नका. दोन-तीन महिने स्टेटमेंटवर नजर ठेवा, अनोळखी डेबिट दिसलं की त्याच दिवशी बँकेला सांगा. चेकचा फोटो गेला असेल तर तो चेक क्रमांक बँकेला कळवून थांबवायला सांगा. फोनवर समोरच्याने सांगितलेलं, तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप घेतलं असेल, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग बाकीचं.

कार्डाचे तपशील, पिन, पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर मात्र मिनिटं मोजायची वेळ आहे. आधी कार्ड आणि ऑनलाइन बँकिंग बंद करून घ्या. पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेचा फोन नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका. तिथे ग्राहकसेवेच्या नावाने खोटे नंबर पेरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस नेमका पहिला दिसेल तो लावतो. खरा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि एका कागदावर लिहून घरातही.